बर्फाची शिस्त

आमच्या लॅबमध्ये मला मागून ‘बर्फवाली मॅडम’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. लखनौच्या एका संशोधन संस्थेत मी एकवीस वर्षं तांत्रिक अधिकारी आहे. विद्यार्थी येतात, डॉक्टरेट घेतात, अमौसीहून विमानात बसून परदेशी जातात. मागे उरतात ती यंत्रं, चाव्या आणि शिस्त, आणि ती तिन्ही माझ्या ताब्यात असतात.

माझा मुख्य नियम एकच: प्रोटीन बर्फावर. आमच्या मजल्यावर बर्फाचं मशीन आहे आणि शेजारी चार अंशांची कोल्ड रूम आहे. तिची चावी माझ्या पर्समध्ये असते, कारण एकदा तिथे कुणीतरी चक्क मटर-पनीरचा डबा ठेवला होता. चावी हवी असेल तर आदल्या दिवशी पाचच्या आत मागायची. आदेश नावाच्या एका विद्यार्थ्याने नळी दहा मिनिटं बर्फाबाहेर ठेवली होती. ती मी सगळ्यांसमोर सिंकमध्ये ओतली. त्यात त्याची तीन आठवड्यांची मेहनत होती. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, जन्मभर लक्षात राहील.

नियम काही मी हवेतून काढला नव्हता. प्रोटीन म्हणजे एक लांबलचक धागा. पेशीत तयार झाला की तो आपला आपण गुंडाळतो आणि त्याची एक ठरावीक घडी बसते. धाग्याचे काही भाग तेलकट असतात. त्यांना पाणी सोसत नाही, म्हणून ते आत दडी मारतात, आणि त्या दडी मारण्यातूनच घडी पक्की होते. घडी आहे तोवर प्रोटीन काम करतं. ती उसवली की तेलकट भाग उघडे पडतात, एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. अंडं उकडल्यावर होतं ते हेच, आणि उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही. म्हणून उष्णता वैरी आणि बर्फ सखा, असं मला माझ्या वरिष्ठांनी शिकवलं आणि मी पुढच्या सगळ्यांना रागावून शिकवलं.

अश्लेषा आमच्याकडे आली त्याला साडेतीन वर्षं झाली. वडील सैन्यात सुभेदार मेजर. घर छावणीतल्या क्वार्टरमध्ये, मूळ गाव साताऱ्याकडचं, पण तिची सगळी शाळा अंबाला, जबलपूर आणि लखनौमध्ये झालेली. मी तिच्याशी मराठीत बोलायचे आणि ती नम्रपणे हिंदीत उत्तर द्यायची. मुलगी हुशार, पण घाबरट. मला घाबरट माणसांचा राग येतो, आणि राग आला की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की ती आणखी घाबरायची. असा आमचा संसार चालला होता.

तिचं काम मात्र मला मनापासून आवडलं होतं. ती निसर्गात नसलेलं प्रोटीन बनवत होती. आधी कॉम्प्युटरवर हवा तो आकार ठरवायचा, मग कुठला धागा गुंडाळला तर तोच आकार येईल हे गणिताने शोधायचं, आणि तो धागा जिवाणूंकडून विणून घ्यायचा. तिच्या प्रोटीनचे तीन सारखे तुकडे होते. तीन जणींनी पाठीला पाठ लावून बसावं तसे ते तेलकट बाजू आत करून एकत्र राहायचे. मेंदूज्वराचा विषाणू रक्तात असेल तर त्याला धरायचं, हे त्यांचं काम. तालुक्याच्या दवाखान्यात, जिथे फ्रीज नाही आणि असला तर वीज नाही, तिथे उन्हाळ्यात तपासणीची पट्टी टिकली पाहिजे म्हणून हा सगळा खटाटोप होता.

गेल्या मे महिन्यात तिला दोनदा यश आलं. नळीतलं पाणी नितळ राहिलं, घडी बरोबर बसल्याचं यंत्राने दाखवलं, आणि नव्वद अंशांपर्यंत तापवूनही ती हलली नाही. आमचे प्रमुख विनय सर इतके खूश झाले की चौकातून सगळ्यांसाठी मिठाई मागवली. पण उरलेलं प्रोटीन फ्रीजमध्ये ठेवलं ते दुसऱ्या दिवशी फुटलं. मग जून गेला, दिवाळी गेली, आणि नळी प्रत्येक वेळी दुधासारखी होत राहिली. दोनदा बरोबर, एकोणतीस वेळा चूक.

असं झालं की लोक कुजबुजतात. जानेवारीत विनय सरांनी मला विचारलं, “सुनीती जी, आपको क्या लगता है?” मी म्हणाले, हात कच्चा आहे. आणि तेवढ्यावर न थांबता पुढे म्हणाले की ते दोन निकाल मला जरा जास्तच सुबक वाटतात. आकडे बनवले असं मी म्हटलं नाही. पण सर काय समजले ते मला समजलं होतं, आणि मी ते खोडून काढलं नाही.

मार्चमध्ये बाहेरच्या तीन प्राध्यापकांची समिती तिचं काम तपासायला येणार होती. दहा दिवस आधी सरांनी मला बोलावलं. म्हणाले, “एक बार आप अपने हाथ से कर दीजिए. आपसे भी न हुआ, तो मुझे लिखना पड़ेगा कि मई के नतीजे भरोसे लायक नहीं हैं.” म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. संशोधन बंद, फेलोशिप बंद, आणि खोटे आकडे देणारी मुलगी म्हणून जन्माचा शिक्का. साडेतीन वर्षं पाण्यात.

मी सगळं माझ्या हाताने केलं. दोन दिवस कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून उभी राहिले. अश्लेषा बाजूला उभी राहून मला नळ्या देत होती. एकही नळी बर्फाबाहेर क्षणभर आली नाही. असं देखणं काम मी स्वतः कित्येक वर्षांत केलं नव्हतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नळी बाहेर काढून उजेडात धरली. पाच-सात मिनिटांत ती गढुळली आणि तळाशी पांढरा चोथा बसला.

अश्लेषाने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत ‘बघा, मी सांगत होते’ असं जराही नव्हतं. उलट माझंच वाईट वाटल्यासारखं होतं. मला ते फार लागलं.

त्या दिवशी तिची वही मी घरी आणली. आमच्याकडे प्रत्येक प्रयोगाचं एक पान असतं. वर तारीख, मग कृती, तापमान, निकाल, आणि खाली साक्षीदाराची सही. जो वरिष्ठ माणूस काम चालू असताना हजर असेल त्याने ती करायची. वहीभर सगळीकडे माझीच सही होती. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी एकतीस पानं उलटसुलट वाचली. रसायनं तीच, वेळा त्याच, आणि तापमानाच्या रकान्यात सगळीकडे ‘बर्फावर’. यशस्वी पानं तेरा मे आणि सत्तावीस मेची, त्यांतही काही वेगळं नव्हतं.

माझे यजमान चंद्रकांत बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना माझ्या कामातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. समोर भेंडी चिरता चिरता त्यांनी विचारलं, “काय पुटपुटतेयस? तेरा मे, तेरा मे?”

“या दिवशी प्रोटीन टिकलं. आणि सत्तावीसला. का, तेच कळत नाही.”

ते म्हणाले, “तेरा मे म्हणजे पहिला बडा मंगल ना? तू गेटवर पुऱ्या वाटत होतीस. मी येऊन दोनदा रांगेत उभा राहिलो, तर तू सगळ्यांसमोर म्हणालीस, घरी जेवण नाही का मिळत?”

मी वही मिटली.

बडा मंगल म्हणजे जेठातले मंगळवार. आपल्याकडे तेव्हा अजून वैशाख असतो, पण इथला जेठ पौर्णिमेनंतर लगेच सुरू होतो. त्या मंगळवारी लखनौत कोपऱ्याकोपऱ्यावर भंडारा असतो. पुरी-सब्जी, बूंदी, सरबत, ज्याला हवं त्याने घ्यावं. आमच्या संस्थेचे कर्मचारी पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी गेटवर भंडारा करतात आणि त्यात मी दरवर्षी पुढे असते. त्या दोन दिवशी सरबताच्या पिंपांभोवती रचायला आमच्या मजल्यावरचा सगळा बर्फ खाली जातो. मीच नेऊ देते. त्या दिवशी मशीन तळापर्यंत रिकामं असतं, आणि कोल्ड रूमची चावी पर्समध्ये, पर्स माझ्या खांद्याला, आणि मी गेटवर.

मग ‘बर्फावर’ लिहिलं ते कुठल्या बर्फावर?

सकाळी मी अश्लेषाला माझ्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं. दोन्ही पानं तिच्यासमोर उघडून ठेवली.

“या दोन दिवशी बर्फ नव्हता,” मी म्हणाले. “खरं सांग. मी ओरडणार नाही.”

मी ओरडणार नाही यावर तिचा विश्वास बसला नसावा. तिने दोन्ही पानं स्वतःकडे ओढली. मग म्हणाली, “नहीं था, मैम. टेबल पर ही किया था. ए.सी. भी बंद था.”

“चावी मागायची होती की मला.”

“मैं गेट पर आई थी. पहली बार. आपने कहा, दिसत नाही का काम चाललंय? पुरी घे आणि जा.” तिने ते माझ्याच आवाजात म्हटलं, तिच्याही नकळत. “मैंने पूड़ी ली और आ गई. बैक्टीरिया तैयार थे, रुक नहीं सकते थे. तो कर लिया. दूसरी बार मैं आई ही नहीं.”

“आणि ‘बर्फावर’ का लिहिलंस?”

“महीना भर पहले आपने आदेश भैया की ट्यूब सिंक में डाली थी,” ती म्हणाली. “मुझे लगा मेरी भी डाल देंगी. बाद में रिज़ल्ट अच्छा आ गया, सर ने मिठाई मँगा ली. फिर कैसे बोलती? और मुझे सच में लगा कि बर्फ से तो और अच्छा होगा. बिना बर्फ के इतना टिका, तो बर्फ में तो टिकना ही चाहिए था.”

तिचं तरी काय चुकलं? मलाही तसंच वाटलं असतं. आम्ही सगळ्यांनी मिळून, ज्या प्रोटीनला बर्फाची गरज पडू नये म्हणून तीन वर्षं घालवली, त्याला पहिल्या मिनिटापासून बर्फात कोंबलं होतं. एकाच्याही डोक्यात आलं नाही की असं का करतोय.

त्याच दिवशी आम्ही नवं प्रोटीन काढलं, सगळं टेबलावर. माझा हात चार वेळा बर्फाच्या डब्याकडे गेला, शेवटी मी तो डबाच खोलीबाहेर ठेवून आले. मग दोन नळ्यांत अर्धं अर्धं घेतलं. एक टेबलावर, एक बर्फात. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला दोन्ही उजेडात धरल्या. टेबलावरची विहिरीच्या पाण्यासारखी नितळ होती. बर्फातली बाहेर काढल्यावर बघता बघता गढूळ झाली.

विनय सर धावत आले. नळ्या पाहून खुर्चीत बसले आणि हसायला लागले. तेलाला पाण्यापासून दडायला लावणारी ओढ थंडीत सैल पडते, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, शिकवलंही होतं. अश्लेषाचे तीन तुकडे नुसत्या त्या ओढीवर एकत्र होते. थंडीत ते सुटे व्हायचे आणि पुन्हा ऊब लागली की उघड्या तेलकट बाजूंनी भलत्याशीच चिकटायचे. “और हम इसे चार डिग्री पर पाल रहे थे,” ते म्हणाले.

मग त्यांचं लक्ष वहीकडे गेलं आणि हसू थांबलं. प्रोटीन खरं ठरलं, पण नोंद खोटी ठरली. मेचे निकाल का आले हे समितीला सांगायचं तर बर्फ नव्हता हे सांगावं लागणार, आणि वहीत तर ‘बर्फावर’ लिहिलेलं. खोटी नोंद हा आमच्या धंद्यातला मोठा गुन्हा. त्यावर विद्यार्थ्याला काढता येतं आणि काढलेलं मी पाहिलं आहे.

“मैं बोल दूँगी, सर,” अश्लेषा म्हणाली. “गलती मेरी है.”

मी तेव्हा काही बोलले नाही. कारण त्या दोन पानांच्या खाली माझी सही होती, आणि ती दोघांच्याही डोळ्यांसमोर होती, पण त्या सहीचं नाव कुणी काढलं नाही. एखाद्या दिवशी मी हजर नसेन, तरी सकाळी चहा पिता पिता आदल्या दिवसाच्या पानांवर सह्या करून टाकायचे. न वाचता. त्या दोन बुधवारीही तशाच केल्या. माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि एकवीस वर्षांत माझ्या नावावर एक ओळ वाईट नव्हती. घरी मी हे कुणाला सांगितलं नाही. चार दिवस जेवण गोड लागलं नाही.

समितीच्या दिवशी मी सभागृहात मागच्या रांगेत बसले. अश्लेषाने तासभर नीट सांगितलं. आकार, धागा, तीन तुकडे, दोन नळ्यांचा फोटो. तिघंही प्राध्यापक पुढे सरकून ऐकत होते. मग तिने स्वतःच सांगितलं की मेच्या दोन नोंदींत तापमान चुकीचं लिहिलं आहे.

मधल्या वयस्क बाईंनी चष्मा काढला. “चुकीचं लिहिलं गेलं, की माहीत असून लिहिलं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“माहीत असून,” अश्लेषाही इंग्रजीतच म्हणाली.

“का?”

मला वाटलं, आता सांगेल. गेटवरची गोष्ट सांगेल, आदेशची नळी सांगेल. तिने सांगायलाच हवं होतं. ती एवढंच म्हणाली, “माझी चूक झाली.” बाई वाट पाहत राहिल्या. अश्लेषाने माझ्या दिशेने मान वळवायचं अगदी निकराने टाळलं, आणि ही घाबरट मुलगी मला वाचवतेय हे मला स्वच्छ दिसलं. जिला मी सरांसमोर खोटारडी ठरवलं होतं, तीच.

मी उभी राहिले. मागच्या रांगेतून बोलायची पद्धत नाही, सर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले की तिने खोटं लिहिलं कारण या लॅबमध्ये ‘बर्फ नव्हता’ असं लिहिण्याची सोय मी ठेवलेली नाही. त्या दिवशी बर्फ खाली मी पाठवला. चावी माझ्याकडे होती. ती मागायला आली तेव्हा मी तिला हाकललं. आणि त्या पानावर हजर असल्याची सही माझी आहे, मी हजर नव्हते. खोटी नोंद एकीची नाही, दोघींची आहे, आणि माझी तर पगार घेऊन केलेली आहे. जानेवारीत मी तिच्याबद्दल सरांशी जे बोलले होते तेही सांगितलं. आवाज चढला नाही.

निर्णय संध्याकाळी कळला. अश्लेषाला एक वर्ष मिळालं, सगळं नव्याने, नव्या वहीत, दुसऱ्या साक्षीदारासमोर करायचं. जुन्या दोन नोंदी बाद. माझ्या फाइलला ठपक्याचं एक पत्र लागलं, आणि साक्षीदार म्हणून सही करायचा माझा अधिकार काढून घेतला. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

कॉरिडॉरमध्ये अश्लेषा माझी वाट बघत उभी होती. डोळे लाल होते. आभार वगैरे मानेल असं वाटलं होतं, मी त्याची तयारीही ठेवली होती. तिने वेगळंच विचारलं.

“मैम, तेरा मई को अगर मैं आपके पास आकर बोल देती कि मैंने बिना बर्फ के कर लिया, तो आप क्या करतीं?”

तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगता आलं असतं. पण तिने आज तिघांसमोर जे केलं होतं, त्यानंतर मला ते जमलं नाही.

“नळी सिंकमध्ये ओतली असती,” मी म्हणाले.

“हाँ,” ती म्हणाली, “मुझे भी यही लगा था.” आणि नवी वही आणायला ती विनय सरांच्या खोलीकडे गेली.